नेट चालू आहे पण साईट उघडत नाही: कंपन्यांच्या पीअरिंगच्या भांडणांबद्दल सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापूर असू दे, होटगी रोड असू दे नाहीतर अक्कलकोट रोड एमआयडीसी, मेसेजचं पहिलं वाक्य ठरलेलं असतंय, "नेट चालू आहे ओ, पण अमुक साईटच चालंना". दरवेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवलंय. प्रश्न लोकांनी जसे पाठवले तसेच आहेत, फक्त शिव्या काढल्यात.

१. अण्णा, हे पीअरिंग पीअरिंग म्हणतात ते नेमकं काय असतंय?

इंटरनेट नावाची एक कुठली कंपनी नाही, हजारो कंपन्यांची नेटवर्कं एकमेकाला जोडलेली आहेत, बास. ही जोडणी दोन प्रकारची. एक ट्रान्झिट, म्हणजे छोटी कंपनी मोठीला पैसे देते आणि मोठी तिचा डेटा जगात कुठं पण पोचवते. दुसरं पीअरिंग. शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी बांधावरनं एकमेकाच्या गाड्या जाऊ द्यायच्या, भाडं नाही काही नाही, तसं. पण ही सवलत त्या दोघांपुरती, तिसऱ्या कुणाची गाडी त्या वाटेनं घालायची नाही. दोन कंपन्यांची गिऱ्हाइकं एकमेकाशी थेट बोलतात, तिसऱ्या कंपनीकडं जायला ती वाट वापरता येत नाही. हा नियम डोक्यात ठेवा, ५ नंबरच्या प्रश्नात सगळी गंमत त्याच्यावरच आहे.

आणि हे सगळं बहुतेक तोंडी चालतंय. २०११ मधी पॅकेट क्लिअरिंग हाऊस या इंटरनेटच्या जोडण्यांवर काम करणाऱ्या संस्थेनं १ लाख ४२ हजार पीअरिंग करारांची पाहणी केली तेव्हा ९९.५ टक्के करार कागदावर नव्हतेच.

२. सोलापुरातनं माझा डेटा जातो तरी कुठनं?

तुमच्या घरातनं केबलवाल्याच्या किंवा कंपनीच्या ऑफिसात, तिथनं भाड्याच्या फायबरवरनं पुण्याला नाहीतर थेट मुंबईला, काहींचा हैदराबादकडनं. मोठे मोठे जोड मुंबईच्या डेटा सेंटरमधी आहेत आणि परदेशी जाणाऱ्या बऱ्याच समुद्री केबली पण मुंबईच्याच किनाऱ्याला लागतात. एका जागी अनेक कंपन्यांनी येऊन पीअरिंग करायचं त्याला इंटरनेट एक्स्चेंज म्हणतात, भारतात निक्सी २००३ पासून आहे, शिवाय मुंबईत डी-सिक्स, एक्स्ट्रीम आयएक्स असे खाजगी पण आहेत. निक्सी काढायचं मूळ कारणच हे होतं की भारतातल्या भारतातला डेटा अमेरिका-सिंगापूर फिरून येऊ नये.

म्हणजे सात रस्त्यावरनं नवी पेठेतल्या मित्राला फाईल पाठवली आणि दोघांची कंपनी वेगळी असली, तर ती फाईल बहुतेक मुंबई बघूनच येते.

३. मग भांडायचं काय कारण? फुकट आहे ना?

फुकट आहे म्हणूनच. देवाणघेवाण सारखी असते तोवर कुणाची हरकत नसते. एका बाजूनं व्हिडिओ ओतायला सुरुवात झाली की दुसरी कंपनी म्हणते, माझ्या नेटवर्कवर ओझं तुझ्यामुळं वाढलं, आता पैसे दे. समोरचा म्हणतो, व्हिडिओ मागतोय तुझा गिऱ्हाईक, त्याच्याकडनं तू पैसे घेतलेत, मी कशाला देऊ. दोघांचं पण पटण्यासारखं आहे, त्यामुळं मिटत नाही.

दुसरं कारण जागेचं. एक म्हणतो मला तुमच्या देशात जोड द्या, दुसरा म्हणतो आमच्या देशात यायचं तर गिऱ्हाईक म्हणून या. तिसरं कारण सरळ धंद्याचं, काल जो बरोबरीचा होता त्याला आज गिऱ्हाईक करायचं.

माझं मत विचाराल तर ज्याच्याकडं घरगुती गिऱ्हाइकं जास्त, त्याचा हात वर असतो. लोक एका साईटसाठी लगेच कनेक्शन बदलत नाहीत, हे त्याला पक्कं माहीत असतंय.

४. असं खरंच झालंय कुठं, का नुसती थिअरी?

भरपूर वेळा. ऑक्टोबर २००५ मधी अमेरिकेत लेव्हल थ्री नावाच्या कंपनीनं कोजंटशी पीअरिंग तोडलं, दोन-तीन दिवसांनी तात्पुरतं परत जोडलं आणि महिना संपता संपता करार केला. मार्च २००८ मधी कोजंट आणि टेलिया, साधारण दोन आठवडे. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी स्प्रिंटनं कोजंटला तोडलं, तीनेक दिवस. कोजंटचं नाव सारखं येतंय कारण ती स्वस्तात ट्रान्झिट विकणारी कंपनी, आणि जुन्या मोठ्या कंपन्यांना ते खुपत होतं.

आपल्या जवळचं उदाहरण मे २०२४ चं. कोजंटनं टाटा कम्युनिकेशन्सशी पीअरिंग तोडलं. कोजंटचं म्हणणं, टाटा आम्हाला आशियात जोड देत नाही. टाटा कम्युनिकेशन्स ही जगातल्या मोठ्या बॅकबोन, म्हणजे देशादेशांमधला डेटा वाहून नेणाऱ्या, कंपन्यांपैकी एक, त्यामुळं हे भांडण लांबचं म्हणून सोडून देता येत नाही.

पण न तोडता केलेलं भांडण जास्त त्रासाचं असतंय. २०१३-१४ मधी अमेरिकेत कॉमकास्टच्या गिऱ्हाइकांचं नेटफ्लिक्स रोज संध्याकाळी अडकायचं. कुणी काही कापलं नव्हतं, फक्त जोडावरचे पोर्ट, म्हणजे दोन नेटवर्कं जिथं तारेनं जोडतात ती तोंडं, भरले होते आणि ते वाढवायचा खर्च कुणी करायचा यावर गाडी अडली होती. फेब्रुवारी २०१४ मधी नेटफ्लिक्सनं पैसे द्यायचं कबूल केलं आणि स्पीड सुधारला.

५. एक वाट बंद झाली तर इंटरनेट दुसरी वाट शोधतंय असं कॉलेजात शिकवलं होतं. मग साईट बंद कशी पडते?

शिकवलं ते बरोबर आहे, पण वाट शोधताना पैशाचा हिशोब पण असतो तेवढं सांगायचं राहिलं. तुमच्या कंपनीनं ट्रान्झिट विकत घेतलं असेल तर पीअरिंग तुटल्यावर डेटा ट्रान्झिटनं जातो, जरा लांबनं, कधी सिंगापूर नाहीतर युरोपवरनं, पण जातो. ज्या मोठ्या कंपन्या कुणालाच ट्रान्झिटचे पैसे देत नाहीत, ज्यांना टिअर वन म्हणतात, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडं फक्त पीअरिंग. आणि १ नंबरला लिहिलंय तसं पीअरिंगची वाट तिसऱ्याला चालत नाही, म्हणजे अ आणि ब भांडले तर क दोघांचा मित्र असून पण अ चा डेटा ब कडं नेऊन देत नाही. तारा सगळ्या जागेवर असतात आणि तरी अ चं गिऱ्हाईक ब च्या गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही. २००५ मधी हेच झालं, ज्यांची एकाच कंपनीकडनं लाइन होती ते अडकले, ज्यांच्या दोन होत्या त्यांना पत्ता पण लागला नाही.

६. स्पीड टेस्टला १०० चे १०० येतात, मग रात्री ९ ला सिरीयल का अडकते?

स्पीड टेस्टचा सर्व्हर बहुतेक वेळा तुमच्याच कंपनीत नाहीतर तिच्या अगदी जवळ असतो. म्हणजे तुम्ही घरापासून कंपनीपर्यंतचाच रस्ता मोजला. सिरीयल येते कंपनीच्या पलीकडनं, आणि मधला जोड रात्री ८ ते ११ भरलेला असला की तिथं पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, गळतात. दुपारी सगळं गुळगुळीत आणि रोज रात्री ठराविक वेळी, ठराविक सेवेचंच रडगाणं, असं असेल तर पहिला संशय जोडावर घ्या. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मोबाईल नेट जातं ते वेगळं बरं का, तिथं टॉवरच्या हवेतल्या गर्दीचा प्रश्न असतो.

टेस्ट करायचीच तर अॅपमधी सर्व्हर बदलून मुंबई, सिंगापूर, फ्रँकफर्ट असं करून बघा.

७. एवढं सगळं होऊन यूट्यूब मात्र कधीच का अडकत नाही?

कारण लोकप्रिय व्हिडिओ फार लांबनं येतच नाहीत. गूगल, नेटफ्लिक्स, मेटा हे आपापले कॅश सर्व्हर इंटरनेट कंपन्यांच्या आवारात ठेवायला देतात, एकदा आलेला व्हिडिओ तिथनंच हजार जणांना वाटला जातो. दोघांचा फायदा. रडतात त्या मधल्या साईटी, एवढ्या मोठ्या नाहीत की कॅश ठेवतील आणि एवढ्या छोट्या पण नाहीत की कुणी वापरत नाही, म्हणजे परीक्षेचं पोर्टल, परदेशी युनिव्हर्सिटी, कंपनीचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर, गेमचा सर्व्हर.

८. माझा राउटर खराब आहे, केबल तुटली आहे, का कंपन्यांचं भांडण आहे, हे घरी बसून कसं ओळखू?

आधी राउटर बंद-चालू करा, हसू नका, निम्मे मेसेज इथंच संपतात. मग तीच साईट मोबाईल डेटावर उघडा, पण सिम वेगळ्या कंपनीचं पाहिजे, नाहीतर काय उपयोग. तिथं पण बंद असेल तर बहुतेक साईटच पडली आहे.

मोबाईलवर चालते आणि वायफायवर चालत नाही, तर कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ट्रेसर्ट (tracert) आणि साईटचं नाव टाका. कुठल्या शहरातनं, कुठल्या कंपनीतनं डेटा गेला ते ओळीओळीनं दिसतं. फायबरमधी प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, सोलापूर-मुंबई रस्त्यानं ४०० च्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ४ मिलिसेकंदाच्या खाली होणारच नाही, प्रत्यक्षात १०-१५ आलं तर छान. मुंबईतल्या गेम सर्व्हरला काल २० पिंग (जाऊन-येऊन लागणारे मिलिसेकंद) होतं आणि आज १३० झालं तर तुमचा डेटा बहुतेक देशाबाहेर फिरून येतोय.

समुद्री केबल तुटली तर ते वेगळंच दिसतं, एकदम बऱ्याच कंपन्यांच्या बऱ्याच परदेशी साईटी हळू होतात आणि बातमी येतेच. सप्टेंबर २०२५ मधी जेद्दाजवळ लाल समुद्रात दोन केबली तुटल्या तेव्हा तसंच झालं. भांडणात मात्र एकच कंपनी ते एकच ठिकाण अशी जोडी अडते. आणि गावात रस्ता खणणाऱ्या जेसीबीनं फायबर उडवली असेल तर ट्रेसर्ट लागतच नाही, सगळंच बंद असतंय.

९. ट्रेसर्टमधी मधेच तीन चांदण्या आल्या, म्हणजे दोषी सापडला ना?

नाही! यावरनं लोक केबलवाल्याशी भांडून आलेत. मधल्या एखाद्या राउटरनं उत्तर दिलं नाही म्हणजे तो बंद आहे असं नाही, उत्तर द्यायचं काम त्याला दुय्यम असतं. मधल्या ओळीत आकडा वाढला आणि पुढच्या ओळींत परत कमी झाला तरी काळजी नाही. वाढलेला आकडा शेवटपर्यंत टिकला, तेव्हाच तिथं काहीतरी आहे.

अजून एक भानगड, तुम्हाला दिसते ती फक्त जायची वाट. यायची वाट वेगळी असू शकते, बऱ्याचदा असतेच, आणि गर्दी त्याच वाटेवर असेल तर तुमच्या बाजूनं नुसता आकडा दिसणार, कारण नाही. म्हणून शक्य असेल तर समोरच्या टोकाकडनं पण एक ट्रेसर्ट मागवा.

१०. व्हीपीएन लावलं की चालतं. म्हणजे कंपनी मुद्दाम अडवते?

व्हीपीएन लावलं की तुमचा डेटा आधी व्हीपीएनच्या सर्व्हरला जातो, आणि तिथनं पुढं वेगळ्या कंपनीच्या वाटेनं. भरलेला जोड टळला, म्हणून चाललं. मुद्दाम अडवल्याचा हा पुरावा नाही, वाट बदलल्याचा आहे.

पण उलट पण होतं. सरकारी आदेशानं ब्लॉक झालेली साईट सुद्धा व्हीपीएननं कधी कधी उघडते, त्याचा पीअरिंगशी काही संबंध नाही. आणि एकाच आयपीमागं, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यामागं, शेकडो घरं असली तर त्यातल्या एकाच्या उद्योगामुळं एखादी साईट सगळ्यांनाच अडवते किंवा सारखे कॅप्चा विचारते. हळू चालणं आणि अजिबात न उघडणं यात फरक करा, रोज रात्रीच हळू असेल तरच ६ नंबरचा मामला.

११. डीएनएस बदलून १.१.१.१ टाकलं तर?

डीएनएस म्हणजे साईटच्या नावावरनं तिचा आयपी सांगणारी वही, १.१.१.१ ही क्लाउडफ्लेअर कंपनीची. जोड भरलेला असेल तर डीएनएसनं तो रिकामा होत नाही. काही सेवा मात्र डीएनएस कुठनं विचारलं यावरनं जवळचा सर्व्हर ठरवतात. १.१.१.१ तुमच्या आयपीचा पत्ता पुढं सांगत नाही, त्यामुळं कधी लांबचा सर्व्हर मिळून उलट हळू होतं. गूगलचं ८.८.८.८ थोडा पत्ता पुढं सांगतं. बदलून बघा, फरक नाही पडला तर परत कंपनीचंच ठेवा.

१२. २०१६ ला जिओचे कॉल लागत नव्हते, ते पण हेच का?

भावकी तीच, कायदा वेगळा. जिओ सुरू झाल्यावर जुन्या कंपन्यांनी कॉल जोडायचे पॉइंट पुरेसे दिले नाहीत असा वाद होता, ऑक्टोबर २०१६ मधी ट्राय या दूरसंचार नियामकानं एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियाला मिळून ३०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली. फोनच्या कॉलसाठी एकमेकाला जोड देणं बंधनकारक आहे आणि पैशाचा दर पण ट्राय ठरवत होती, १४ पैसे, मग ६ पैसे, १ जानेवारी २०२१ पासून शून्य. इंटरनेटच्या पीअरिंगला तसं नाही, कुणी कुणाशी जोडायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

१३. पण आपल्याकडं नेट न्यूट्रॅलिटी आहे ना?

म्हणजे सगळ्या साईटींना सारखीच वागणूक द्यायची हा नियम. आहे, आणि चांगली आहे. २०१६ मधी ट्रायनं साईट बघून वेगळे दर लावायला बंदी घातली आणि २०१८ मधी दूरसंचार विभागानं भेदभाव न करण्याची अट लायसनमधीच टाकली. पण ती अट कंपनीनं आपल्या नेटवर्कात आलेल्या डेटाशी कसं वागायचं याबद्दल. दारावरचा पोर्ट वाढवलाच नाही, तर आत भेदभाव केला असं कसं म्हणणार? पळवाट नेमकी इथं आहे.

१४. नेटफ्लिक्स-गूगलकडनं पैसे घेतले तर आपलं बिल कमी होईल का?

आपल्याकडच्या टेलिकॉम कंपन्यांच्या संघटनेची ही मागणी आहेच. जिथं करून बघितलं तिथलं सांगतो. दक्षिण कोरियात डेटा पाठवणाऱ्याकडनं पैसे घ्यायची पद्धत आहे, तिथनं गेमचे लाइव्ह व्हिडिओ दाखवणाऱ्या ट्विचनं २७ फेब्रुवारी २०२४ ला गाशा गुंडाळला, कारण दिलं नेटवर्क फी परवडत नाही. जर्मनीत डॉइश टेलिकॉमनं मेटावर कोर्टात केस केली, मे २०२४ मधी कोलोनच्या कोर्टानं साधारण २ कोटी युरो द्यायला सांगितले, तर सप्टेंबरमधी मेटानं थेट जोडच काढून घेतला आणि डेटा तिसऱ्या कंपनीमार्फत पाठवायला लागली. बिल कमी झाल्याचं मला तरी कुठं दिसलं नाही.

१५. आमचा टॉवेलचा एक्स्पोर्ट आहे, जर्मनीच्या बायरच्या पोर्टलवर डिझाईन अपलोड होताना रोज तुटतंय. इथली लाइन बदलू का?

लगेच नको. आधी दुसऱ्या कंपनीच्या लाइनीवरनं करून बघा, मग व्हीपीएननं फ्रँकफर्टवरनं. व्हीपीएननं नीट होत असेल तर भांडणाची जागा मधी कुठंतरी आहे आणि दुसरी इथली कंपनी कदाचित वेगळ्या वाटेनं जात असेल. कशानंच होत नसेल तर अडचण बायरच्या टोकाला आहे, त्यांच्या आयटीवाल्यांना ९ नंबरमधी सांगितल्याप्रमाणं तिकडनं ट्रेसर्ट काढायला लावा. कामापुरता तोडगा म्हणजे फाईल एखाद्या मोठ्या क्लाउडवर टाकून लिंक पाठवा, त्यांचे जोड दोन्हीकडं भक्कम असतात. सीझनच्या तोंडावर हा प्रश्न नेहमी येतो, तेव्हा डेडलाइनच्या आदल्या रात्री नका विचारत जाऊ.

१६. दोन कनेक्शन घेतली, तरी दोन्ही एकदम गेली. असं कसं?

दोन बिलं म्हणजे दोन वाटा नव्हेत. दोन्ही केबलवाले वरनं एकाच कंपनीकडनं बँडविड्थ घेत असतील तर वरचं भांडण दोघांना लागतं, आणि दोघांची फायबर एकाच खांबावरनं असेल तर जेसीबी पण दोघांना लागतो. दोन्ही वायफायवरनं आपला आयपी बघा आणि तो कुठल्या नेटवर्क नंबरखाली (नेटवर्कचा ओळख क्रमांक) आहे ते बीजीपी टूल्ससारख्या साईटवर शोधा, तिथं त्या नेटवर्कचे अपस्ट्रीम, म्हणजे त्याला वरनं ट्रान्झिट देणारे, कोण ते पण दिसतं. छोट्या केबलवाल्याचा बऱ्याचदा स्वतःचा नंबर नसतो, वरच्या कंपनीचंच नाव दिसेल. नावं वेगळी आली तरी फायबर वेगळी आहे का ते विचारूनच घ्या, ते कुठल्या साईटवर दिसत नाही.

१७. काही साईटी फक्त आयपीव्ही६ वर बंद असतात म्हणे, खरंय का?

खरंय. आयपीव्ही४ ही इंटरनेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत, आयपीव्ही६ नवी, आणि दोन्हींची पीअरिंग वेगळी वेगळी ठरतात. हरिकेन इलेक्ट्रिक नावाची मोठी नेटवर्क कंपनी आणि कोजंट यांचं आयपीव्ही६ वर कित्येक वर्षं जमलं नाही, २००९ मधी हरिकेननं "आमच्याशी पीअर करा" असं लिहिलेला केकसुद्धा केला होता, तरी कोजंट ऐकली नाही. राउटरमधी आयपीव्ही६ थोडा वेळ बंद करून साईट चालली तर कारण कळलं. कायमचं मात्र बंद करू नका.

१८. तक्रार कुणाकडं करायची? केबलवाला म्हणतो वरनंच प्रॉब्लेम आहे.

बऱ्याच वेळा तो खरं बोलत असतो. पण तुमचे पैसे त्यानं किंवा त्याच्या कंपनीनं घेतलेत, वरच्याशी तुमचा करारच नाही, म्हणून तक्रार त्यांच्याकडंच. कंपनीच्या नंबरवर करून डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्या, व्हॉट्सअॅपवर "बघतो सर" म्हणाला ते धरू नका. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडं, त्याला फी नाही. मग दूरसंचार विभागाचं तक्रार पोर्टल, नाहीतर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. ट्राय एकेकट्या गिऱ्हाइकाची तक्रार सोडवत नाही, तिकडं मेल करून वेळ घालवू नका. ग्राहक आयोगात जाता येतं का यावर बरीच वर्षं वाद होता, फेब्रुवारी २०२२ मधी सुप्रीम कोर्टानं येतं असं सांगितलं.

तक्रारीत "नेट स्लो आहे" एवढंच लिहिलं तर माणूस येऊन स्पीड टेस्ट दाखवून जाणार. तारीख, वेळ, साईटचं नाव, रात्रीचा आणि दुपारचा ट्रेसर्ट, दुसऱ्या कंपनीवरचा ट्रेसर्ट, एवढं जोडा. लोकल ऑफिसातल्या पोराला ते कळलं नाही तरी तो पुढं पाठवतो, आणि पुढं नेटवर्क बघणाऱ्याला तेवढंच पाहिजे असतं, कारण वाट बदलायचं बटण त्याच्याकडं असतं.

१९. नवीन कनेक्शन घेताना केबलवाल्याला काय विचारू?

बँडविड्थ किती कंपन्यांकडनं घेता, एक का दोन? मुंबईत कुठल्या एक्स्चेंजवर आहात का? गूगल-नेटफ्लिक्सचे कॅश कुठं आहेत? एक तुटली तर दुसरीवर आपोआप जातं का हातानं बदलता? चौथ्या प्रश्नाला जो थेट उत्तर देतो त्याच्याकडनं घ्या, शंभर रुपये जास्त पडले तरी. आणि वर्षाचं पॅकेज लगेच भरू नका, आधी महिन्याचं घेऊन रात्री ९ ते ११ तुमच्या कामाच्या साईटी चालवून बघा.